मोझरीला हात लावता येणारे शिल्प हवे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी असायची, हे वऱ्हाडातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तळहाताचा आघात झाल्याशिवाय आणि बोटे फिरल्याशिवाय ती बोलत नाही. १९३५ साली नागपूर-अमरावती रस्त्यालगत मोझरीत गुरुकुंज आश्रम उभा राहिला. तेव्हापासून या जागेची सगळी रीत सहभागाची आहे. इथली प्रार्थना सामुदायिक आहे, इथले भजन टाळी आणि साथ मागते आणि श्रमदान हा इथल्या शिकवणीचा पाया आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त जीवन-शिक्षणाला आणि यात्रा-मेळ्यांना स्वतंत्र अध्याय आहेत. माणसे एकत्र येतात तेव्हा त्यांनी काय करावे, याची काळजी त्या ग्रंथाने घेतली आहे. अशा गावातही सार्वजनिक शिल्पाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते: उंच चौथरा, त्यावर पुतळा, भोवती कठडा आणि कठड्याला ‘हात लावू नये’ अशी पाटी. या लेखात मला एकच मागणी मांडायची आहे. मोझरीत, आणि मोझरीपासून सुरुवात करून अमरावती-अकोल्याच्या बागांत, चढता येईल, वाजवता येईल, ढकलता येईल, आत शिरता येईल अशी शिल्पे उभारली जावीत. ती कलाकृतीच असावीत आणि त्यांची निर्मितीच मुळात खेळण्यासाठी झालेली असावी.

पुतळ्यांबद्दल इथे तक्रार नाही. ज्यांना शतकानुशतके रस्त्याने ताठ मानेने चालू दिले गेले नाही, त्यांच्यासाठी चौकातला बाबासाहेबांचा पुतळा काय आहे, हे विदर्भात कुणी कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा अमरावतीकरांना रोज काहीतरी सांगत असतात. स्मरणासाठी उभारलेल्या पुतळ्याला चौथरा शोभतो आणि कठडाही शोभतो. अडचण पुढे आहे. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असे राज्यांना बजावले. म्हणजे यापुढे शिल्पाची जागा बाग, तलावाचा काठ, शाळेचे आवार आणि प्रत्येक ले-आउटमधली ओपन स्पेस हीच राहते. या जागांवर आपण काय ठेवतो? कॅटलॉगमधून निवडलेली फायबरची घसरगुंडी, हिरव्या-पिवळ्या रंगाची ओपन जिम आणि फोटो काढण्यासाठी गावाच्या नावाची मोठाली अक्षरे. घसरगुंडी म्हणते वरून खाली ये, जिमचे यंत्र म्हणते पाय मागे-पुढे हलव, अक्षरे म्हणतात इथे उभा राहा. प्रत्येकाची एकच आज्ञा. ती पाळून झाली की मुलाला तिथे दुसरे काही शोधण्यासारखे उरत नाही आणि मोठ्या माणसाला तर थांबण्याचे कारणच नसते.

शिल्प म्हणजे दुरून पाहायची वस्तू, ही समजूत आपल्या मातीत रुजलेली मुळीच नाही. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावरच्या दायमाबादला काही ब्राँझ शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा असलेला सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही शिल्पे चाकांवर ओढता येतील अशा बेताने घडवलेली आहेत. त्यांचा उपयोग धार्मिक मिरवणुकीसाठी होता की आणखी कशासाठी, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पण कलावंताने चाके बसवली ती शिल्प हलावे म्हणून, हे उघड आहे. महाराष्ट्राच्या भूमीतले हे अत्यंत जुने आणि अत्यंत देखणे धातुशिल्प गतीचा विचार करूनच जन्माला आले.

इतके मागे जाण्याचीही गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या रघुजीराजे भोसले दुसरे यांनी १८०६ साली लहान मुलांसाठी तो सुरू केला, असे परंपरा सांगते. सुताराने कोरलेला लाकडी नंदी, पायांखाली चार चाके, गळ्यात दोरी. मुले त्याला झूल-बेगड-माळांनी सजवतात, गल्लीतून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. मान किती उचललेली, वशिंड किती भरदार, डोळ्यांत जीव आला की नाही, यावर गल्लीतली माणसे उभ्या उभ्या मत देतात, स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. कलेच्या परीक्षणाचा असा मोकळा प्रसंग कुठल्याही कलादालनात सहज सापडणार नाही. वऱ्हाडातल्या मुलाच्या हातात पहिले शिल्प येते ते दोरीला बांधलेले आणि रस्त्यावर धावणारे. ही परंपरा वर्षातून एक दिवस जिवंत होते आणि उरलेले दिवस नंदी माळ्यावर जाऊन बसतो. तोच नंदी चार मुले पाठीवर बसतील एवढ्या आकाराचा, सागाच्या लाकडाचा किंवा काळ्या दगडाचा, बागेत कायमचा का असू नये?

शरीराने शिकण्याची परंपराही इथे कच्ची नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तिचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच्या आखाड्यातला मल्लखांब पाहा. जमिनीत रोवलेला, वर निमुळता होत गेलेला, तेलाने गुळगुळीत झालेला एक खांब. त्यावर कुठे पकड घ्यायची आणि कुठे उलटे व्हायचे, याची कुठलीही खूण त्या लाकडावर कोरलेली नसते. शक्यता सगळ्या त्याच्या आकारात असतात आणि त्या शोधायच्या ज्याच्या त्याने. खेळता येणाऱ्या शिल्पाची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही.

गेल्या शतकात जगातल्या काही कलावंतांनी हाच विचार शहरांपुढे मांडला आणि बहुतेकांना आधी नकार मिळाला. इसामू नोगुची या जपानी-अमेरिकी शिल्पकाराने १९३३ साली न्यूयॉर्कसाठी ‘प्ले माउंटन’ नावाची कल्पना मांडली. एक अख्खी टेकडीच शिल्प म्हणून घडवायची आणि तिच्या उतारांवर, पायऱ्यांवर मुलांनी खेळायचे. शहराच्या उद्यानांचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी ती फेटाळली. नोगुचींनी ती सोडली नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी जपानमधल्या सापोरो शहरासाठी, जिथे पूर्वी कचरा टाकला जाई त्या जागेवर, मोएरेनुमा उद्यानाचा आराखडा केला. १९८८ मध्ये ते गेले, पण शहराने काम पुढे नेले आणि २००५ साली उद्यान पूर्ण झाले. टेकडी आहे, कारंजे आहे, खेळण्याच्या रंगीत आकृत्या आहेत आणि या सगळ्याकडे एकच शिल्प म्हणून पाहता येते. त्याच सापोरोच्या ओदोरी उद्यानात काळ्या ग्रॅनाइटची त्यांची सर्पिल घसरगुंडी आहे. मुलांच्या घसरण्यानेच तिला झिलई चढत जाते.

अॅम्स्टरडॅमची गोष्ट मोझरीसारख्या गावाला अधिक उपयोगाची आहे, कारण ती भव्यतेची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहरात आल्डो व्हान आयक हा तरुण वास्तुरचनाकार पालिकेच्या नोकरीत होता. १९४७ साली त्याने एका लहानशा चौकात पहिले क्रीडांगण केले. वाळूचा खळगा, उड्या मारायचे काँक्रीटचे गोल ठोकळे, उलटे लटकायच्या लोखंडी कमानी, बसायला बाक, एवढेच. पुढच्या तीस वर्षांत अशा जागांची संख्या सातशेच्या पुढे गेली. पडक्या घरांच्या मोकळ्या जागा आणि रस्त्यांचे रिकामे कोपरे यांतूनच त्या निघाल्या. बहुतेक ठिकाणी कुंपण नव्हते. मुले नसतील तेव्हा त्या ठोकळ्यांवर म्हातारी माणसे टेकायची आणि चौक चौकच राहायचा. व्हान आयकने हत्ती-घोड्यांचे आकार टाळले. आकार जितका मोकळा तितकी मुलाची कल्पना जास्त धावते, असा त्याचा हिशेब होता. तो मला पूर्णपणे पटत नाही, कारण तान्ह्या पोळ्याचा नंदी नंदीच असावा लागतो. जेरुसलेममध्ये निकी द सॅं फाल हिने १९७२ साली एक अक्राळविक्राळ राक्षस उभारला. त्याच्या तीन लांब जिभा म्हणजेच घसरगुंड्या. तो भीतिदायक दिसेल, असा आक्षेप आधी घेतला गेला होता. आज पिढ्यानपिढ्या मुले त्या जिभांवरून घसरत आली आहेत. गोष्टीतली आकृती आणि कोरा ठोकळा, दोन्हींना जागा आहे.

आपल्या राज्यात हे मुळीच झाले नाही असेही नाही. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात १९५२ पासून म्हातारीचा बूट उभा आहे. मुलांच्या कितीतरी पिढ्या त्याच्या आत शिरून वर जाऊन डोकावल्या. गोष्ट इंग्रजी बालगीतातली होती, तरी मराठी घरांनी तो बूट आपला केला. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने उघड्यावरचे विज्ञान उद्यान सुरू केले. तरफ, कप्पी, आवाजाचे परावर्तन, सगळे हाताने करून पाहायचे. पुढे अशी उद्याने देशभरातल्या विज्ञान केंद्रांत झाली, नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातही झाली. दोन्ही प्रयोग लोकांनी उचलून धरले. तरीही जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत ही कल्पना कुणी नेली नाही आणि तिची जागा कॅटलॉगने घेतली.

मोझरीत काय करता येईल? समाधी आणि प्रार्थनेच्या जागेपासून दूर, जिथे गाड्या थांबतात, दुकाने लागतात, शाळा-महाविद्यालयांची पोरे ये-जा करतात, तिथे खंजिरीच्या कुळातली वाजणारी शिल्पे उभी राहू शकतात. लोखंडी चौकटीत बसवलेल्या, पुरुषभर व्यासापासून ताटाएवढ्या व्यासापर्यंतच्या तबकड्या, कडेला पितळी झांजा. मोठीचा आवाज खर्जातला, लहानीचा चढा. काही इतक्या खाली की रांगते मूल पोहोचेल आणि चाकाच्या खुर्चीतला माणूसही बसल्या जागेवरून वाजवू शकेल. एकट्याने वाजवले तर नुसता ठोका, चौघांनी मिळून वाजवले तर ठेका. तुकडोजी महाराजांच्या शिकवणीचे मर्म एखाद्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने कळेल असे मला वाटत नाही. काही पावलांवर, एकमेकांसमोर तीस-चाळीस फुटांवर, सिमेंटच्या दोन खोलगट वाट्या. एका वाटीजवळ पुटपुटले की तो आवाज समांतर होऊन समोरच्या वाटीत शिरतो, तिथे एका बिंदूत गोळा होतो आणि तिथल्या कानाला स्पष्ट ऐकू येतो. मधून माणसे चालत असली तरी त्यांना पत्ता लागत नाही. नागपूरकडून आलेली आजी आणि दर्यापूरकडून आलेले पोर, एकमेकांना न ओळखणारी, त्या वाट्यांपाशी बोलू लागतील. सार्वजनिक जागेकडून याहून जास्त काय मागायचे?

यावर पहिला आक्षेप पावित्र्याचा येईल आणि तो आदराने ऐकला पाहिजे. पुण्यतिथीला लाखो माणसे जिथे स्तब्ध उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात, तिथे पोरांचा कल्ला नको, आणि महाराजांच्या वाद्याचे खेळणे करू नये. पहिल्या भागाशी मी सहमत आहे. शांततेची जागा शांतच राहावी, म्हणूनच शिल्पांची जागा वेगळी सुचवली आहे. मौनाच्या वेळी तबकड्यांना दोर बांधून ठेवायलाही हरकत नाही. दुसरा भाग मात्र मला मान्य नाही. याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, महानुभाव पंथातल्या श्रीगोविंदप्रभूंच्या ज्या लीळा तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी नोंदवल्या, त्यांत प्रभू गल्लीबोळांत हिंडतात, पोरांमध्ये मिसळतात, हसतात, रुसतात, कुणाच्याही घरात शिरतात. रिद्धपूरच्या माणसांनी त्या खेळकरपणातच ईश्वर पाहिला. शेगावच्या गजानन महाराज संस्थाननेही ‘आनंद सागर’ उभारताना ध्यानकेंद्राच्या जोडीला मुलांची छोटी रेल्वे आणि खेळाची जागा ठेवली होती. भक्ती आणि खेळ यांच्यात भिंत घालण्याची सवय वऱ्हाडाची नव्हे. मंदिरात शिरताना आई मुलाला कडेवर उचलून घंटा वाजवायला लावते, तेव्हा घंटेचा अवमान होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ज्या पट्ट्यात शेतकरी जीव देतो, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे शिल्पांची चैन कशाला? पाण्याच्या पैशाला हात लावून शिल्प उभारा असे कुणी म्हणाले तर मीही विरोध करीन. पण सौंदर्यीकरणाच्या नावाने पैसा खर्च होतोच आहे. कारंजी बसतात आणि बंद पडतात, दिव्यांच्या माळा लागतात आणि विझतात. त्याच पैशातून काय घ्यावे, एवढाच प्रश्न आहे. आणि खेळ ही चैन कुणासाठी आहे, तेही पाहावे. अमरावतीच्या ज्या घरात पैसा आहे ते घर मुलाला मॉलमधल्या गेम झोनमध्ये नेते, तिथे प्रत्येक फेरीचे पैसे मोजते. ज्याच्या बापाची मजुरी सोयाबीनच्या भावावर हलते, त्या मुलासाठी वडाळीची बाग, अकोल्याची गांधी-जवाहर बाग किंवा मोझरीची यात्रा हीच काय ती सहल. तिथे जे फुकट मिळते ते उत्तम असले पाहिजे. दरिद्री प्रदेशाला दरिद्री बागा पुरतात, हा विचार मला अस्वस्थ करतो.

सुरक्षिततेचा प्रश्न अभियंत्याचा आहे आणि त्याची उत्तरे तयार आहेत. युरोपात खेळसाहित्यासाठी ईएन ११७६ हे मानक आहे. पडण्याची उंची तीन मीटरच्या वर नको, खाली धक्का सोसणारा थर हवा, डोके अडकेल अशी फट नको, असे नियम त्यात आकड्यांत दिले आहेत. आपल्याकडे ते वापरायला कुणाची मनाई नाही. धोका कलेपेक्षा घाईत जास्त असतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला छत्रपतींचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा त्याला हात लावणाऱ्या पोरांचा काही संबंध नव्हता. वऱ्हाडाचा खरा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी लोखंडाला हात लावला तर कातडी भाजते. म्हणून धातू जिथे हवाच तिथे सावलीत, बाकी लाकूड, चुना-सिमेंट आणि दगड. आणि शिल्पाची जागा ठरवण्याआधी कडुनिंबाची जागा ठरवायची. काळा दगडही तापतो, त्यामुळे तोही झाडाखालीच.

मोडतोडीची भीती सगळेच बोलून दाखवतात. जे हाताळण्यासाठी केलेले असते ते हाताळल्याने झिजते, हे आधीच धरून चालावे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोतले ‘क्लाउड गेट’ २००६ मध्ये पूर्ण झाले. लोक आरशासारख्या पोलादाला हात लावणारच, म्हणून खालचा भाग रोज पुसण्याची व्यवस्था तिथे केलेली आहे. देखभाल हा शिल्पाच्या किमतीचाच भाग मानला, तर ती जमते. आपल्याकडे उद्घाटनाला पैसे असतात आणि तिसऱ्या वर्षीच्या वेल्डिंगला नसतात.

खरी आडकाठी निविदेत आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पालिका किंवा ग्रामपंचायत जे काही घेते ते दरसूचीतल्या बाबीप्रमाणे आणि सर्वांत कमी दराने. खडी, सिमेंट, पेव्हर ब्लॉक यांना दर आहे. सुताराच्या कल्पनेला नाही. त्यामुळे अधिकाऱ्याची इच्छा असली तरी कागदावर कॅटलॉगचा माल घेणेच सोपे पडते आणि एकच फायबरचा हत्ती चांदूरबाजारपासून मूर्तिजापूरपर्यंत दिसतो. यावर उपाय आहे. कामाचे दोन भाग करावेत. पाया, जमीन, झाडे, बाक हे नेहमीच्या निविदेने. शिल्प मात्र खुल्या स्पर्धेने, ठरावीक रकमेत, ज्यात दर समान आणि निवड कल्पनेवर. निवड समितीत एक शिल्पकार, एक अभियंता, एक बालवाडीची शिक्षिका आणि एक अपंग व्यक्ती असावी. नंदी कोरणारे सुतार, पाथरवट आणि एमआयडीसीतले वेल्डर यांना अर्ज करता येईल एवढा तो अर्ज सोपा मराठीत असावा. आधी लाकडाचा आणि बांबूचा कच्चा नमुना सहा महिने लोकांपुढे ठेवावा, मुले तो कसा वापरतात हे पाहून मग पक्के काम करावे. एकूण रकमेचा ठरलेला हिस्सा पहिल्या दिवशीच पाच वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून, ते काम गावातल्याच कारागिराला द्यावे. ले-आउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम आहेच. त्या जागांपैकी निदान एकीसाठी अमरावती महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात असे एक लेखाशीर्ष उघडावे आणि मोझरीसाठी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि गुरुदेव सेवा मंडळ यांनी एकत्र बसून पहिल्या स्पर्धेची जाहिरात पुढच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काढावी.